वाळूवाल्या आक्का

कागदी कप करायच्या मशीनला एवढे पैसे का पडतात, असं मला आजही कुणी ना कुणी विचारायला येतं. येणारा बहुधा तरुण असतो. काखेत कर्जाचे कागद असतात आणि हातात दोन कारखान्यांची दोन दरपत्रकं, एकाच्या दुप्पट दुसरं. मग मी चष्मा काढतो, पुसतो, परत घालतो आणि सांगू लागतो. मिनिटाला कप किती निघतात ते नंतर विचार, त्यांतले टाकावे किती लागतात ते आधी विचार. कॅम कुणी घासलेत ते बघ. बंद पडली तर माणूस कुठून येणार, ते बघ. तरुण मान डोलावतो आणि निघताना म्हणतो, "सर, तुमचा अभ्यास दांडगा आहे." मी "छे छे" म्हणतो, पण ते अशा बेताने, की त्याला आणखी एकदा म्हणावंसं वाटावं.

तो अभ्यास माझा नाही, आक्कांचा आहे. त्या विषयात माझं स्वतःचं म्हणता येईल असं योगदान एकच, आणि ते वाळूचं. आक्का होत्या तोवर ते बोलायची सोय नव्हती. एकदा बोललो, तर काय झालं ते पुढे येईलच. आता आक्का नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला त्यांचा कारखानाही नाही, त्या जागी टायरचं दुकान झालंय. मी मुळात कमी बोलणारा माणूस. घरात बायको म्हणते, तुमच्याकडून गोष्ट काढायची तर पक्कड लागते. तेव्हा हे एकदा लिहूनच टाकतो.

कारखाना मूळचा उसाच्या चरकांचा. गुऱ्हाळांना लागणारे भलेथोरले चरक आक्कांचे यजमान करत. ते अचानक गेले तेव्हा भाऊबंद जमले आणि बाईमाणसाचं हे काम नव्हे, विकून टाका, असा त्यांनी सल्ला दिला. आक्का निपाणीकडच्या लिंगायत घरातल्या. घरात कानडी, दारात कोल्हापुरी. सल्ला देणाऱ्यांना त्यांनी पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला विभूती लावून कारखान्यात येऊन बसल्या. खुर्चीत नाही. यजमानांच्या खुर्चीत त्या मावत नव्हत्या. लाकडी साच्यांची एक मोठी पेटी दाराशी होती, तिच्यावर बसल्या, आणि मी पाहिलं तोवर ती जागा त्यांनी बदलली नाही. इरकली लुगडं, कमरेला किल्ल्यांचा घोस, आणि आवाज असा, की त्यांना बोलायचं झालं तर कुणी लेथ बंद करत नसे.

नोकरी मागायला गेलो तेव्हा त्या पेटीवर बसून शेंगा फोडत होत्या.

"काय शिकलायस?"

"बी.कॉम. झालोय."

"म्हंजी काय येतंय?"

"हिशोब."

"हिशोब मला बी येतोय. विंग्रजी पत्र लिवाय येतंय का?"

"येतं."

"मग त्येवढंच सांग की. उगं बीकॉम बीकॉम काय लावलंयस?"

त्या दिवसापासून माझं नाव बीकॉम पडलं. आईवडलांनी हौसेनं ठेवलेलं नाव मी त्या कारखान्यात कधी ऐकलं नाही.

आक्कांचा दिवस मशिनींना भेटून सुरू व्हायचा. आल्या की एकेक मशीनचं चाक हातानं फिरवायच्या आणि कान लावायच्या. एखादीपाशी थबकायच्या. "ही रुसलीया आज. बाबू, बघ हिला." बाबू मिस्त्री हा कारखान्याचा मुख्य कारागीर. तो मान हलवायचा आणि आपलं पहिलं काम करत राहायचा, कारण आक्कांचा कान निम्म्या वेळा चुकायचा. एकदा त्यांना एका मशीनच्या पोटात खुळखुळ ऐकू आलं. त्यांनी सगळं गिअर खोलायला लावलं. दिवसभर बाबू मिस्त्री खाली पडून खोलत होता. संध्याकाळी आक्का पेटीवरून उठल्या तशी खुळखुळ उठली, बसल्या तशी बसली. किल्ल्यांचा घोस. आक्कांनी घोस मुठीत धरला आणि म्हणाल्या, "तरी पण उघडलं ते बरंच झालं. ग्रीस वाळलं हुतं."

चूक झाली, हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. ऐकायची आम्ही आशाही सोडून दिली होती.

चरकांचे दिवस संपत आले होते. ऊस साखर कारखान्यांकडे वळू लागला, गुऱ्हाळं घटली. कोल्हापुरात आइस्क्रीमची दुकानं मात्र वाढत होती, आणि त्यांचे कागदी कप मुंबईहून यायचे, निम्मे चेपलेले. आक्कांच्या नात्यातला एक आइस्क्रीमवाला हे गाऱ्हाणं सांगत होता, ते त्यांनी ऐकलं. बाबू मिस्त्रीला मुंबईला धाडलं. त्यानं भंगारातून परदेशी बनावटीची एक मोडकी कप-मशीन शोधून आणली, ती खोलून अंगणात मांडली आणि तिच्यावरून नवी केली. उद्यमनगरात तेव्हा यात काही विशेष वाटत नसे.

पहिले कप निघाले तेव्हा आक्कांना कोण आनंद! नेमके बँकेचे साहेब कर्जाची पाहणी करायला आले होते. आक्कांनी त्यांना आपल्याच कपातून चहा दिला. तो कप आइस्क्रीमचा, आतून मेण लावलेला. थंडगार पदार्थासाठी ते मेण ठीक. कोल्हापुरी उकळता चहा त्यात ओतल्यावर मेणानं काय करावं? साहेबांनी पहिला घोट घेतला, दुसऱ्याला कपाचं बूड सुटलं आणि सगळा चहा पांढऱ्या विजारीवर.

"आक्का, अहो!" साहेब उडी मारून उठले.

आक्कांनी बूड उचललं, उलटंपालटं करून बघितलं. "कपात दोष न्हाई साहेब. चहात हाय. लई गरम केला पोरींनी."

साहेबांनी कर्ज तरीही मंजूर केलं. पण त्यानंतर ते आले की घरून पिऊन आलोय म्हणायचे.

आता माझ्या अकलेकडे येतो. आमच्याकडे सगळं किलोवर चालायचं. भट्टीतून ओतीव निघालं की किलोवर, चरक गेला की किलोवर. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "काय किलो?" जणू द्राक्षंच घ्यायला आलंय. त्यामुळे पहिल्या कप-मशीनची किंमत काढायची वेळ आली, आणि आक्का काही कामानं गावाला होत्या, तेव्हा मी मशीन काट्यावर चढवली. वजन आलं, त्याला चरकाचा भाव लावला, वर नाजूक काम म्हणून थोडं चढवलं आणि आकडा सांगितला. गिऱ्हाइकानं घासाघीस न करता पैसे मोजले आणि मशीन त्याच दिवशी नेली. गिऱ्हाईक घासाघीस न करता पैसे देतं तेव्हा रडावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पेढे वाटले.

आक्का आल्या. आकडा ऐकला. उरलेला पेढा त्यांनी डब्यात परत ठेवला.

"ऊठ," म्हणाल्या. "बाबूजवळ जाऊन बस. मी सांगंस्तवर उठू नगंस."

बाबू मिस्त्री कॅम घासत होता. कॅम म्हणजे पोलादाची वेडीवाकडी तबकडी. ती फिरते तसे मशीनचे हात मागंपुढं होतात. एक हात कागद गुंडाळतो, एक बूड बसवतो, एक काठ वळवतो. तबकडीवर कुठं केसाएवढा उंचवटा राहिला की त्या हाताची वेळ चुकते आणि कप गळका निघतो. बाबू घासायचा, लावून बघायचा, काढायचा, परत घासायचा. एखादा जास्त घासला गेला की कोपऱ्यात भिरकवायचा. किती दिवस मी तिथं बसलो आठवत नाही, पण त्या कोपऱ्यात ढीग झाला. मग आक्का आल्या.

"ह्या चांगल्या कॅमचं वजन किती असंल?"

"असेल दोनेक किलो."

"आन त्या ढिगाचं?"

"ते भंगार आहे, आक्का."

"व्हय की. पर त्येंचं पैसं कोण देणार? तुझा बा?" आणि मग पेटीवर बसून, शेंगा फोडत, त्यांनी मला जे सांगितलं त्यावर मी आजतागायत पोट भरतोय. "बीकॉम, जी मशीन गिऱ्हाइकाच्या दारात जाती, त्यात लोखंडाचं पैसं थोडं. टाकल्याल्या कॅमचं पैसं जास्त. बाबूच्या डोळ्याचं पैसं. कागद दमट आला, जाड आला, तरी कप निघाय पायजे, त्येचं. गिऱ्हाईक म्हणंल दुप्पट पळव. दुप्पट पळवायची तर सगळंच चौपट नीट कराय लागतंय, म्हणून दर दुप्पट न्हाई, चौपट सांगायचा. बाबू तिकडं जाऊन ऱ्हातोय, गिऱ्हाइकाच्या हातनं धड कप निघंस्तवर, त्येच्या भाकरीचं बी त्यातच. जे मशिनीत दिसत न्हाई, त्येचं पैसं असत्यात. कळलं का?"

"कळलं."

"साकु," म्हणाल्या. कानडीत म्हणजे पुरे. तो शब्द आला की बैठक संपली.

मला वाटलं, मला कळलं. मशीनमध्ये जे दिसत नाही त्याचे पैसे. पुढं मी हे वाक्य जरा जास्तच शब्दशः घेतलं.

पहिल्या मशीनचा तोटा जबर होता. दुसरी मशीन तयार झाली तेव्हा बाहेर देणी थकलेली आणि गिऱ्हाईक एकही नाही. शेजारचा कारखानदार येऊन आमच्या शेडची लांबीरुंदी पावलांनी मोजून गेला. आक्कांनी ते पेटीवरून बघितलं. त्या आम्हाला म्हणाल्या, "ही मशीन धड पैशाला गेली तर आपण हाय. न्हाई गेली तर ह्यो शेजारी हाय. कागल नाक्यापतुर कुणी बी इचारलं तर मला आधी सांगा."

विचारलं ते जोतिबाच्या डोंगरावरच्या धोंडीबानं. त्याचं देवळाच्या वाटेवर नारळ-गुलालाचं दुकान. जत्राजत्रांतून आइस्क्रीमच्या गाड्या फिरतात, त्यांना कप पुरवावेत, अशी त्याची कल्पना होती, आणि ती चांगली होती. चैत्रातल्या यात्रेआधी मशीन चालू हवी, एवढंच त्याचं म्हणणं. पण पैसे घालणार होता त्याचा मामा. मामा तालमीतला जुना गडी. मिशा पिळदार, मत त्याहून. त्यानं आक्कांच्या यजमानांकडून कधीकाळी चरक घेतला होता.

दोघं आले त्या दिवशी आक्का भाचीच्या लग्नाला निपाणीला, आणि बाबू मिस्त्रीही वऱ्हाडात. कारखान्यात मी.

"किती म्हणताय हिचं?" मामानं विचारलं. मी आक्कांनी ठरवलेला आकडा सांगितला.

मामा हसला. मशीन हातानं हलवून बघितली. "पावणं, चरक घेतला तवा किलोवर घेतला. त्यो तर हत्ती हुता. ह्ये खेळणं. काय किलो देताय ते बोला, न्हाईतर राम राम."

मी आक्कांचंच सगळं सांगू लागलो. कॅम, डोळा, दमट कागद. मामा म्हणाला, "बाबूच्या डोळ्याचं पैसं बाबूला द्या. मला लोखंडाचा भाव सांगा." आणि धोंडीबाचा दंड धरून चालू लागला. मला डोळ्यांसमोर शेजाऱ्याची पावलं दिसली. मी मागून ओरडलो, "किलोवर देतो!"

दर मी चढाच सांगितला. मामानं थोडा उतरवला. हातावर हात मारले. ते गेल्यावर मी गुणाकार केला आणि खाली बसलो. आक्कांच्या आकड्याला बरंच कमी पडत होतं. दर वाढवता येत नव्हता, शब्द दिलेला. म्हणजे वाढायला एकच गोष्ट उरली होती.

मशीनचं बैठं, म्हणजे ती जिच्यावर उभी असते ती बैठक, ओतीव लोखंडाचं, आतून पोकळ, पेटीसारखं. मागच्या बाजूला हात जाईल एवढं एक भोक. भट्टीपाशी साच्यांची काळी वाळू पडलेली असायचीच. मी भट्टीवरच्या गड्याला बोलावलं आणि सांगितलं, बैठ्यात वाळू भर, म्हणजे मशीन थरथरत नाही, पुस्तकात आहे. पुस्तकात खरंच असावं. पुढं एकदा मला ते कुठंतरी वाचायलाही मिळालं. गड्यानं भरली. भोकात लाकडी गुडदी ठोकली, वरून हिरवा रंग दिला. शाहूपुरीतल्या वजनकाट्यावर मशीन चढली तेव्हा मामानं तिच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारली. "बघा! डोळ्याला बारकी दिसती, पर अंगानं भरल्याली हाय." आकडा जवळपास आक्कांचाच आला. मी मनात स्वतःचा सत्कार केला.

आक्का परतल्या. "जमलं? माझ्याच आकड्याला? त्या मिशीवाल्याला कसं वळवलंस?"

"समजावून सांगितलं, आक्का."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि लग्नातल्या डब्यातला एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "शिकलास, बीकॉम." तो लाडू मी खाल्ला. चांगला होता.

जोतिबाला ट्रक वरच्या स्टँडपर्यंत जातो. तिथून देवळाकडं पायऱ्या उतरायच्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दगड गुलालानं कायमचे गुलाबी झालेले. हमालांनी मशीन दोरखंडानं वाशांना बांधली. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "ह्यात काय घातलंय काय? डोंगरावर डोंगर आणलासा व्हय?" मामा मोठ्या अभिमानानं म्हणाला, "भरल्याली मशीन हाय ती! कोल्हापूरचं काम!" मी हमालांना हळू, हळू, असं सांगत होतो. एकाचा पाय घसरला. मशीन कलली, मागची बाजू पायरीवर आपटली, गुडदी उडाली.

आणि वाळू सुटली. गुलाबी पायऱ्यांवरून काळी वाळू एकेक पायरी उतरत खाली चालली, देवदर्शनाला निघाल्यासारखी. नारळवाले उठून उभे राहिले. एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, मशीन व्याली."

आक्का मागून येत होत्या. दम खात, एकेक पायरी. त्या मशीनपाशी आल्या, वाकल्या, चिमूटभर वाळू उचलली, बोटांत चोळली. आपल्या भट्टीची वाळू कोण ओळखणार नाही? मामाचा किलोचा हट्टही त्यांना यजमानांच्या वेळेपासून ठाऊक होता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या क्षणी देवळाच्या शिखराकडं अत्यंत भक्तिभावानं पाहत होतो.

मामानं मूठभर वाळू उचलली. "आक्का, ह्ये काय हो?"

"वाळू."

"मशिनीत?"

"मग काय डोक्यात? मीच घालाय लावली."

माझी मान शिखरावरून खाली आली. मी तोंड उघडलं असतं तर ते तेव्हाच. उघडलं नाही.

"ही फसवणूक हाय!" मामा गरजला.

"हाय की. तुमी वजन मागिटलंसा, मी वजन दिलं. मशीन मागिटली असती तर मशीन दिली असती." लोक हसले. मामा लाल झाला. आक्कांनी आवाज जरा खाली आणला, म्हणजे फक्त अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल एवढा. "चुकलं माझं. आता आसं करू. यात्रेआधी धोंडीबाच्या हातनं धड कप निघालं तर ठरल्यालं सगळं पैसं. न्हाई निघालं तर मशीन माझी, पैसं तुमचं, आन हितली वाळू मी पदरानं झाडून देती. बोला."

चुकलं माझं. बाबू मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता. त्यानं आक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

मामानं अट मान्य केली. पण वाळू काही सगळी खाली गेली नव्हती. आपटली तेव्हा फट पडून ती वरही उडाली होती, कॅमच्या खोबणीत, बेअरिंगमध्ये. पुढचे दिवस धोंडीबाच्या दुकानामागच्या खोलीत मी रॉकेल आणि ब्रश घेऊन तेवढंच करत होतो. एकेक दात, एकेक खोबण. आक्का उंबऱ्यावर बसायच्या. येणाजाणाऱ्या भाविकांना हाक मारून दाखवायच्या, "बघा, आमचा बीकॉम. लई शिकल्याला हाय." बाबूनं दोन कॅम वाळूनं ओरखडले म्हणून काढून टाकले आणि कोल्हापूरला जाऊन नवे घासून आणले. मशीन जोडली. कप निघाला, त्याचं बूड पडलं. परत खोलली. कप निघाला, शिवण उसवली. परत खोलली. खाली यात्रेची गर्दी चढू लागली होती, सासनकाठ्या येत होत्या, आणि खोलीत उसवलेल्या कपांचा ढीग वाढत होता. आक्कांचं बोलणं कमी होत गेलं. एका दुपारी त्या अजिबातच बोलल्या नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

शेवटी धोंडीबानं दांडा ओढला आणि कप निघाला. परत ओढला, परत निघाला. मामानं एक कप उचलला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर धरून उभा राहिला. मामाचा हात थकला, मग त्यानं दुसऱ्या हातात घेतला. धोतर कोरडं राहिलं. ते पाणी त्यानं पिऊन टाकलं आणि म्हणाला, "ठरल्यालं पैसं."

शेड राहिली. शेजाऱ्यानं पुन्हा पावलं मोजली नाहीत. पण आक्कांचं नाव पडलं ते पडलंच: वाळूवाल्या आक्का. उद्यमनगरात चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "आक्का, आज किती पोती भरली?" नवं गिऱ्हाईक आलं की आधी मशीनच्या बैठ्यावर बोटानं टकटक करून आवाज बघायचं. आक्का ते करू द्यायच्या. पुढं तर त्यांनी बैठं बंद पेटीचं करणंच सोडलं. खालून मोकळं, उघडं, आरपार दिसेल असं. मशीन आणखी हलकी झाली आणि दर त्यांनी आणखी चढवला. लोक देऊ लागले.

जोतिबावरून परतताना ट्रकच्या पुढच्या भागात आम्ही तिघं होतो, आक्का, बाबू मिस्त्री आणि मी. मी धीर केला. डोळे पुसले. आक्कांनी मला पोटच्या पोरासारखं वाचवलं, असं मला वाटत होतं.

"आक्का, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुझ्यासाठी?" त्या माझ्याकडं वळल्या. "तुझ्यासाठी काय केलं मी?"

"वाळू माझ्या..."

"आरं खुळ्या. कारकुनानं वाळू भरली आन मालकिणीला पत्ता न्हाई, आसं तिथं कळलं असतं तर? चोर मालकिणीकडनं लोक मशीन घेत्यात, डोळं उघडं ठेवून घेत्यात. आंधळ्या मालकिणीकडनं कोण घेत न्हाई. आन रडू नगंस. त्या दोन कॅमचं पैसं तुझ्या पगारातनं जाणार हैत."

गेले. म्हणजे मी वाचलो ते एका हिशोबाच्या कडेला होतो म्हणून. तरी मी गप्पच राहिलो. टपरीवर लोक आक्कांना हसायचे तेव्हा मीही चहा पीत हसायचो. इतका हसायचो, की कुणाला संशय येऊ नये. काही वर्षांनी दुसरीकडं चांगली नोकरी लागली, मग सल्लागार झालो, मग लोक सर म्हणू लागले.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास शाहूपुरीतल्या एका सभागृहात लघुउद्योजकांपुढं माझं भाषण ठेवलं होतं. विषय हाच, मशीनची किंमत. उभा राहिलो आणि पहिल्या रांगेत आक्का. केस पांढरे झालेले, कपाळावर विभूती, मांडीवर पिशवी. मी त्यांचंच सगळं त्यांच्यासमोर सांगत गेलो, फक्त शुद्ध भाषेत. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. शेवटी कुणीतरी मागून विचारलं, "सर, ती वाळूवाली गोष्ट खरी काय हो?" सगळे हसले. आक्काही हसल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड आपोआप उघडलं.

"खरी आहे," मी म्हणालो. "पण वाळू आक्कांनी नाही भरली. मी भरली. त्यांना न सांगता. मी त्यांच्याकडं कारकून होतो."

मला एकदम हलकं वाटलं. डोळे मिटावेसे वाटले.

आक्का उठल्या. "खोटं बोलतोय."

"आक्का..."

"माझ्या कारखान्यात मला न इचारता वाळूचा खडा हलत नव्हता. ह्यो तर पेन इचारून घ्यायचा. आता मोठा झालाय, तर माझी वाळू बी आपल्या नावावर लावतोय!"

सभागृह असं हसलं, की ध्वनिक्षेपक शिट्टी मारू लागला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, सरांनी आक्कांचा मान राखायला विनोद केला. आयोजकांनी मला शाल आणि नारळ दिला.

बाहेर मी त्यांना गाठलं. "आक्का, मी खरं बोललो. तुम्ही का..."

त्यांनी माझा दंड धरला आणि बाजूला ओढलं. "मागच्या रांगेत दोन माणसं बसल्याली, बघिटलीस? इस्लामपूरची. आजच मशीन ठरवाय आल्यात. आता त्येंच्यापुढं मालकीण आंधळी झाली तर सौदा तू करतोस? तुझं पाप तुझ्या घरी धू. माझ्या कारखान्यात त्याची बादली आणू नगंस."

मी म्हणालो, "बरं."

"भाषण चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "दमट कागदाचं इसरलास."

मग त्यांनी त्या दोघांना हाक मारली. दाराशी त्यांचा टेम्पो उभा होता. आक्का पुढं बसल्या, तशी तिथं दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही. दोघं मागं उभे राहिले. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. टेम्पो घरघरला, थांबला, परत घरघरला. दोघं पावणे खाली उतरून ढकलू लागले. मी नारळ काखेत मारला, शाल खांद्यावरून घसरत होती ती तशीच, आणि मीही ढकलू लागलो. खिडकीतून आक्कांचं डोकं बाहेर आलं. त्या दोघांकडं बघून बोलत होत्या, "किलोचं नाव काढू नगा, पावणं, आधीच सांगती," आणि मध्येच माझ्याकडं, "आरं जोरानं ढकल की!" टेम्पोनं एक हिसका दिला, धूर सोडला आणि सुटला. दोघं पावणे पळत जाऊन मागं चढले. मी रस्त्यात मधोमध उभा. आक्कांचा हात खिडकीबाहेर होता, दर समजावून सांगत. टेम्पो वळणावर गेला तरी आवाज येत होता.